तीन ठोके

दुपारच्या चहाचा कप उचलण्याआधी कानसेनने नेहमीप्रमाणे चमच्याचे टोक कपाच्या काठाला लावले, आणि टेबलाखाली सरकार पडले. पडण्याचा आवाज असा फारसा झालाच नाही. म्हातारे, हलके मांजर ते. ओला टॉवेल दोरीवरून घसरावा तसे कुशीवर आडवे झाले आणि त्याचे चारही पाय हवेतल्या हवेत पळू लागले. कपाचा नाद मात्र अजून विरला नव्हता. ही गोष्ट कानसेनच्या कानाने टिपली, मनाने नव्हे, कारण मन तोवर हातांच्या मागे धावले होते आणि हात आपल्या कामाला लागले होते. त्याने खुर्ची मागे सरकवली नाही, उचलून बाजूला ठेवली. कोचावरच्या उशा टेबलाच्या पायांशी उभ्या केल्या. पडदा ओढला. मग जमिनीवर मांडी घालून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून तो स्वस्थ बसला. झटका आला की जनावराला दाबून धरायचे नाही, तोंडाशी बोट न्यायचे नाही, नावाने हाका मारायच्या नाहीत. आपटेल असे काही जवळ राहू द्यायचे नाही आणि घड्याळावर एक डोळा ठेवायचा, हे आता त्याच्या अंगवळणी पडले होते. झटका लांबलाच तर द्यायचे औषध फ्रिजवरच्या डब्यात भरून तयार होते. पहिल्या वेळी त्याची त्रेधा उडाली होती. आता त्याला भीती वाटत नसे. एखादे यंत्र आपला वेग ओसरेपर्यंत थांबत नाही, मध्ये हात घातला तर हातच जातो, इतक्याच शांतपणे तो वाट पाहू शके.

पण आज त्या शांतपणात काहीतरी खुपत होते. दाताच्या फटीत काही अडकावे आणि जिभेने पुन्हा पुन्हा तिकडेच जावे, तसे त्याचे मन त्या विरत गेलेल्या नादाकडे जात होते. नाद आणि पडणे. पडणे नादाच्या नंतर नव्हते, नादाच्या आतच होते.

यार्डात त्याला कानसेन म्हणत. तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन तो रेल्वेच्या डब्यांच्या यार्डात लागला आणि निवृत्त होईपर्यंत चाके तपासत राहिला. लांब दांड्याची छोट्या डोक्याची हातोडी घेऊन उभ्या गाडीच्या कडेने चालायचे, प्रत्येक चाकाला ठोका द्यायचा आणि ऐकायचे. धड चाक खणखणीत बोलते, त्याचा नाद दूरवर जातो आणि हळूहळू मावळतो. तडा गेलेले चाक बद्द वाजते; पडसे झालेल्या माणसाने उत्तर द्यावे तसे. शिकाऊ लोक बद्द आवाजाची वाट पाहत कान टवकारून चालत आणि दमून जात. तो उलट करी. तो धड आवाजात चालत राही, जसा माणूस आपल्या घराच्या उजेडात चालतो. अंधार आला की आपोआप थबकायला होते. त्याचा एक नियम होता आणि तो त्याने हाताखालच्या प्रत्येकाच्या डोक्यात पक्का भरवला होता: एका ठोक्यावर चाक नापास करायचे नाही आणि पासही करायचे नाही. तीन ठिकाणी तीन ठोके द्यायचे. पहिला ठोका संशय देतो, दुसरा भांडण देतो, तिसरा निकाल देतो. निवृत्तीनंतर हातोडी परत गेली, हात परत गेला नाही. तो भाजीच्या दुकानात कलिंगडावर टिचकी मारी, दाराच्या चौकटीवर बोटाचे पेर आपटी, आणि चहा पिण्यापूर्वी कपाच्या काठाला चमचा लावून कप धड असल्याची खात्री करून घेई. भाची म्हणे, "मामा, कपाचीसुद्धा हजेरी घेतोस तू." तो म्हणे, "घेतो. अजून एकही गैरहजर नाही."

सरकारचे पाय मंदावू लागले होते. तोंडाशी फेस आला होता, खालची फरशी ओली झाली होती. कानसेनने फडके ओढून घेतले पण पुसायला हात पुढे केला नाही. अजून वेळ होता. आतल्या खोलीतून कपाट उघडल्याचा आवाज आला. आक्का जुना, मऊ टॉवेल शोधत असणार. तो कशासाठी हे दोघांनाही ठाऊक होते आणि सकाळपासून त्यावर दोघेही बोलले नव्हते. आक्का त्याची थोरली बहीण. दोघांचेही संसार आपापल्या परीने आटोपल्यावर ती मांजराची टोपली हातात घेऊन त्याच्याकडे राहायला आली आणि म्हणाली होती, "मी कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. याला मात्र बोलायचं काम नाही." बोलावले तर येत नाही, हुसकले तर जात नाही आणि खाण्यापिण्यात कधी कपात सोसत नाही म्हणून त्याचे नाव सरकार. झटके सुरू झाले तेव्हा आक्काने पहिल्यांदा विनोदच केला होता. "पडलं बाई सरकार," ती म्हणाली होती आणि थोड्या वेळाने ते उठून ताटलीकडे गेले तेव्हा, "आलं पुन्हा सत्तेवर." पुढे पुढे तिने विनोद करणे सोडले. औषध सुरू होते, सकाळ-संध्याकाळ, वेळ न चुकवता, तरी झटके पुन्हा दाट होत गेले. काल तिने शेजारणीकडून फोन लावून घेतला आणि जनावरांच्या डॉक्टरणीला सांगितले, आता इंजेक्शन देऊन सोडवू या त्याला, घरीच या. डॉक्टरणीने लगेच होकार दिला नव्हता. येते, बघते, मग बोलू, म्हणाली होती. पण आक्काच्या मनाने घेतले होते आणि एकदा तिच्या मनाने घेतले की बोलण्यासारखे फारसे उरत नसे. कानसेनने विरोध केला नव्हता. त्याच्याकडे विरोध करायला कारणच नव्हते. तो कारणाशिवाय बोलणारा माणूस नव्हता.

आणि आता फरशीवर बसल्या बसल्या, पडद्यातून गाळून आलेल्या पिवळट उजेडात, एक कारण त्याच्या मांडीशी येऊन बसले होते आणि त्याच्याकडे वर बघत होते.

पहिला ठोका, त्याचे मन सवयीने म्हणाले. संशय. आता दुसरा. त्याची नजर टेबलावरच्या चमच्याकडे गेली. त्यात क्रूरपणा नव्हता. नजर जाते तशी गेली. मांजर शुद्धीवर येईल, तासाभरात खाईल, अंग चाटेल, मग पुन्हा एकदा कपाला चमचा लावायचा. पडले तर भांडण. मग तिसऱ्यांदा. त्याशिवाय कोण म्हणणार की हे नक्की? डॉक्टरीण विचारेल, काका, एकदाच झालं ना? योगायोग असू शकतो. आणि तिचे बरोबर असेल. तिच्या जागी तो असता तर त्याने हेच विचारले असते. पण लोखंडाच्या चाकाला तीन ठोके देताना लोखंडाचे काही जात नव्हते. इथे प्रत्येक ठोक्याला हा एवढासा जीव पुन्हा एकदा आपल्याच अंगाबाहेर फेकला जाणार होता. खात्री करून घेणे आणि इजा करणे ही दोन कामे आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या एका हातात एकत्र आली होती आणि तो हात गुडघ्यावर स्वस्थ पडला होता, जणू दुसऱ्या कुणाचा.

सरकार थांबले. त्याच्या अंगातून एक लांब उसासा गेला आणि डोळे उघडले, पण त्या डोळ्यांत अजून कुणी परतले नव्हते. कानसेनने फरशी पुसली, त्याचे तोंड पुसले आणि हात लगेच मागे घेतला. ते उठले, अडखळले, भिंतीपर्यंत गेले आणि भिंतीला कपाळ टेकून उभे राहिले, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखे. ह्या वेळी त्याला काही दिसत नसे. भिंतीच्या कडेकडेने ते सबंध खोली चाचपून काढी आणि मग कधीतरी, कोणत्या तरी कोपऱ्यात, स्वतःला सापडे. कानसेन त्याच्या वाटेतून चप्पल, वर्तमानपत्र, स्टूल असे एकेक उचलत मागून चालू लागला. आणि चालता चालता, आपण उभ्या गाडीच्या कडेने चालत आहोत अशी त्याची भावना झाली, आणि मागचे एकेक चाक त्याच्यासमोर येऊ लागले.

पहिला झटका. भाचीने नवे कप आणले होते तो दिवस. पातळ, पांढरे, उजेडाला धरले तर पलीकडची बोटे दिसावीत असे. रिकाम्या खोक्यात सरकार जाऊन बसले होते, कारण रिकामे खोके दिसले की त्यावर सरकारचा ताबा हे ठरलेलेच. ते खोक्यासकट पडले. खोक्याला कसलासा उग्र वास होता. दोष त्या वासाला गेला आणि खोके त्याच दिवशी भंगारात गेले. एवढेच चित्र आजवर त्याच्याजवळ होते: खोके, मांजर, भाचीची किंकाळी. आज त्याने त्या चित्रात आणखी एक माणूस उभा करून पाहिला. तो माणूस टेबलाशी उभा होता. त्याने नवे कप एका रांगेत मांडले होते, डब्यांची गाडी मांडावी तसे, आणि चमचा घेऊन तो एकेकाला ठोका देत पुढे जात होता. किती सुंदर बोलले होते ते कप. भाचीला तो म्हणालासुद्धा होता, "जात बघ याची. अशी ऐकायला मिळत नाही आता."

मग पंख्याचा झटका. घरात त्याला तेच नाव पडले होते. सकाळची वेळ, पंख्याच्या पात्यांची सावली फरशीवर गरगरत होती आणि सरकार तिच्याकडे बघत असताना पडले. लुकलुकत्या उजेडाने असे होते, त्याने कुठेतरी वाचले होते. त्याने पंखा बंद केला आणि सबंध उन्हाळा बहीणभावंडांनी वर्तमानपत्राने वारा घेत काढला. त्या चित्रातही आज त्याने स्वतःला शोधले. तो खिडकीत होता. हातात कप होता. चहा पिऊन झाला होता आणि तो विचार करताना करी तसे चमच्याने रिकाम्या कपावर ताल धरत होता.

मग तो दीर्घ, चांगला काळ. डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी तो भाचीकडे जाऊन राहिला होता. त्या सबंध काळात इथे सरकार एकदाही पडले नव्हते. परत आल्यावर त्याने डॉक्टरणीला किती आत्मविश्वासाने सांगितले होते, की औषधाची मात्रा बसली आणि पंखा बंद केल्याचाही उपयोग झाला. दोन्ही श्रेयांची त्याने वाटणीसुद्धा केली होती. आणि परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी, चहाच्या वेळी... तो भिंतीशी थांबला. सरकार पुढे गेले, कोपरा चाचपून वळले.

प्रत्येक चित्रात तो होता. आणि प्रत्येक चित्र मनात जपून ठेवताना त्याने स्वतःला अलगद बाहेर ठेवले होते. लबाडीने नव्हे. तपासणारा कधी तपासणीत येत नाही, चाकाची तक्रार लिहिताना हातोडीचे नाव कुणी घालत नाही, इतक्या साध्या, इमानी सवयीने. डॉक्टरणीने तर अगदी सुरुवातीलाच विचारले होते, घरात कसला आवाज होतो का, एखाद्या विशिष्ट आवाजाने होतंय असं वाटतं का. आणि तो हसला होता. "डॉक्टर, आवाजाचं तुम्ही माझ्यावर सोपवा. जन्मभर तेच केलंय." त्याने खरोखरच आठवडा आठवडा कान देऊन घर तपासले होते. नळाची धडधड, शेजारच्या घरातले ड्रिल, खालच्या गाड्यांचे हॉर्न, मिक्सर. कर्कश, बेसूर, बिघडलेले असे सारे आवाज त्याने टिपले आणि एकेक करून निर्दोष सोडले. धड कपाचा आवाज त्याने टिपला नाही, कारण तो त्याच्या लेखी आवाजच नव्हता. ती तर खात्री होती. ती ऐकू आली की तो निर्धास्त होई.

निवृत्तीच्या सुमारास यार्डात एक यंत्र आले होते. दोन तरुण इंजिनियर ते चाकाला लावत आणि पडद्यावर रेघ बघत. ह्यात आवाज असतो, त्यांनी त्याला समजावले होते, पण इतका वरचा की माणसाला ऐकू येत नाही. "मग कुणाला ऐकू येतो?" असे त्याने विचारले होते आणि सारे यार्ड हसले होते. त्या हसण्याची ऊब त्याने बरीच वर्षे बाळगली. आज त्या प्रश्नाचे उत्तर भिंतीला अंग घासत त्याच्या पुढून चालले होते. कपाच्या नादाचा त्याला ऐकू येई तो फक्त खालचा मजला होता. वर आणखी किती मजले होते, तिथे काय काय लखलखत होते, हे त्या दोन टोकदार, पातळ, आतून गुलाबी कानांना माहीत होते. गंमत अशी, की सरकार बाकी बहिरेच झाले होते. आक्काच्या हाका त्याच्यापर्यंत पोचत नसत. खालचे सगळे मजले अंधारात गेलेले आणि दिवा फक्त माळ्यावर.

त्याने मनात मोजले. खोक्याच्या वेळचा एक. पंख्याच्या वेळचा एक. शस्त्रक्रियेहून परतल्यावरचा एक. तिन्ही वेगळ्या जागी, वेगळ्या वेळी, वेगळ्या हवेत. दुसरा आणि तिसरा ठोका द्यायचा राहिला नव्हता. देऊन झाला होता. ऐकायचे तेवढे राहिले होते, आणि ते आत्ता झाले. त्याला एकदम मोकळे वाटले. अपराधाची टोचणी होती, पण ती त्या मोकळेपणाच्या मागे, रांगेत उभी होती. एकदा लांबच्या गाडीचे एक चाक त्याने सुटायच्या वेळेला अडवले होते. सगळे अधिकारी भोवती जमले, वरच्या साहेबाने विचारले, "नक्की?" आणि तो म्हणाला होता, "नक्की." तेव्हा जे पोटात बसले होते, घट्ट, गोल, न हलणारे, तेच आत्ता पुन्हा बसले.

आक्का टॉवेल घेऊन बाहेर आली. उशा, ओले फडके आणि भिंतीकडेने फिरणारे मांजर तिने एका नजरेत घेतले.

"पुन्हा?"

त्याने मान हलवली.

"बघ. आजच्या दिवसात तरी..." ती कोचावर बसली. टॉवेल मांडीवर घेऊन त्याची घडी मोडून पुन्हा घालू लागली. "येईलच ती आता. तुला इथं थांबवत नसेल तर बाहेर फिरून ये. मी बसते त्याच्याजवळ."

"आक्का, त्याला सोडवायचं नाही."

"काय?"

तिचे कर्णयंत्र ड्रॉवरमध्ये होते. ते कानात शिट्या मारते अशी तिची तक्रार होती आणि शिट्या मारणाऱ्याशी ह्या वयात संबंध ठेवायचा नाही असा तिचा बाणा. कानसेन तिच्या समोर जाऊन बसला आणि आयुष्यात कधी काढला नसेल एवढा आवाज काढून म्हणाला, "त्याला मी पाडतोय!"

खिडकी उघडी होती. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई थांबली.

"तू?" आक्का म्हणाली. "तू तर त्याला हातसुद्धा लावत नाहीस."

"हात नाही. चमचा. मी कप वाजवतो ना, त्यानं."

आक्काने त्याच्याकडे पाहिले. लहानपणी खोटे बोलल्यावर बघत असे तसे नव्हे. ताप आला की बघत असे तसे. "कप वाजवल्यानं मांजर पडतं?"

"तो आवाज त्याला सोसत नाही."

"कसला आवाज? वाजव बघू."

"इथं नको. चल."

त्याने टेबलावरच्या कपातला गार झालेला चहा ओतून टाकला आणि कप-चमचा उचलला, चमचा मुठीत घट्ट धरून, कुठे लागू नये म्हणून. दोघे दाराबाहेर जिन्यात गेले, दार ओढून घेतले, आणखी एक मजला उतरले. आक्का कठड्याला धरून उतरली आणि वाटेत म्हणाली, "कुणी बघितलं तर म्हणेल, दोघंही गेली कामातून." जिन्याच्या वळणावर त्याने कप कानाशी नेला आणि काठाला चमचा लावला. नाद जिन्याच्या पोकळीतून वर चढत गेला. शुद्ध, न थरथरणारा. तो विरेपर्यंत कानसेनने श्वास धरून ठेवला. त्याला ठाऊक होते की हा आपण शेवटचा ऐकतो आहोत.

"वाजव ना," आक्का म्हणाली.

"वाजवला."

"वाजवला?" तिने कपाकडे पाहिले, मग त्याच्याकडे. "मला काही ऐकू आलं नाही रे."

"तुझ्या वाटणीचंही त्याला ऐकू येतं."

ती पायरीवर बसली. तोही तिच्या शेजारी बसला. खालून कुणीतरी दार लावल्याचा आवाज आला. फार लहानपणी ती त्याला हात धरून बाजारात नेई. मडके घ्यायचे असले की ते उचलून, त्यावर बोटाचे पेर वाजवून, ते आधी त्याच्या कानाशी धरी. ऐक, हे चांगलं. आता हे ऐक. हे काय म्हणतं? आणि तो म्हणे, हे आजारी आहे. दुकानदार हसे. तंत्रनिकेतन नंतरचे, यार्ड नंतरचे. ठोका तिचा होता. तिच्या बोटातून तो त्याच्या बोटात आला होता, आणि आता तिला तो ऐकू येत नव्हता आणि त्याला तो देता येणार नव्हता. ह्यात दुःख करण्यासारखे काही असेल तर ते त्याला लगेच सापडेना. उलट हिशेब जुळल्यासारखे वाटले.

"नक्की?" आक्काने विचारले.

"नक्की."

"तुझं नक्की म्हणजे यार्डातलं, की पंख्यासारखं?"

तो हसला. एवढे मात्र तिला बरोबर लागे. "पंख्याच्या वेळी मी मला धरलं नव्हतं. आता धरलंय."

मांडीवरचा टॉवेल तिने खांद्यावर टाकला, गडी कामाला निघाल्यासारखा, आणि कठड्याला धरून उठली. "चल. ते भूक लागून ओरडत असेल. मला ऐकू येत नाही म्हणून काय झालं."

डॉक्टरीण आली तेव्हा सरकार ताटलीत तोंड खुपसून अधाशासारखे खात होते. झटक्यानंतर त्याला अशी भूक लागे की ताटली चाटून सरके. ती खाली बसली, त्याच्या डोळ्यांत छोटी बॅटरी टाकली, पाठीवरून हात फिरवला आणि कानसेनचे सारे सांगणे शेवटपर्यंत ऐकून घेतले. तो क्रमाने सांगत होता, खोके, पंखा, शस्त्रक्रिया, आज. स्वतःचा उल्लेख त्याने प्रत्येक ठिकाणी न गाळता केला.

"म्हाताऱ्या मांजरांत असं असतं," ती म्हणाली. "चमचा, किल्ल्या, चुरगळणारा कागद. बारीक, वरचा आवाज. काका, मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो. आणि मी नाही म्हणालो होतो."

"ठामपणे म्हणाला होतात."

"ठामपणेच," तो म्हणाला. "तेच तर चुकलं."

ती हसली आणि तिने बॅग उघडलीच नाही. आहे तेच औषध, त्याच वेळेला, एकही दिवस न चुकवता चालू ठेवायचे. ते आवाज घरातून काढायचे. झटके पुरते थांबतीलच असे नाही, पण विरळ होतील. मग बघू. मग तिची नजर आक्काकडे गेली. "आजी, तुमच्या कानातल्या यंत्राची शिटी वाजते का?"

हा प्रश्न आक्काला बरोबर ऐकू गेला. "वाजते म्हणजे काय. गाडी सुटल्यासारखी."

"तीही नको याच्याजवळ. नीट बसवून घेईपर्यंत घालू नका."

आक्काने कानसेनकडे असे पाहिले, जणू सबंध आयुष्यातले सगळे वाद तिने एका फटक्यात जिंकले असावेत. "मी सांगत होते," ती म्हणाली, आणि मऊ टॉवेल कपाटात ठेवायला आत गेली. कपाटाचे दार तिने लावले; पण पुन्हा उघडले, आणि टॉवेल काढून सरकारच्या टोपलीत अंथरला.

मग घर हळूहळू मऊ झाले. लाकडी चमचे आले. किल्ल्यांच्या जुडग्याला आक्काने लोकरीची टोपी विणली. कपांच्या कपाटात प्रत्येक दोन कपांमध्ये फडके गेले. भाची आली की दारातच बांगड्या उतरवून पर्समध्ये ठेवी आणि म्हणे, "मामा, झडती झाली का माझी?" पंखा पुन्हा सुरू झाला; पात्यांची सावली फरशीवर गरगरू लागली आणि सरकार तिच्या मधोमध ऐसपैस झोपू लागले. एकदा ते पडले, खाली रस्त्यावर कसल्याशा बाटल्या उतरवत होते तेव्हा. कानसेनने उशा लावल्या, पडदा ओढला, मागून चालत वाट मोकळी केली आणि त्या दिवसापासून ती खिडकी त्या वेळेला बंद राहू लागली. त्याला खचल्यासारखे झाले नाही. हाताशी कारण असलेला माणूस सहसा खचत नाही.

कठीण गेले ते वेगळेच. हात चहाच्या कपाकडे गेला की तर्जनी आपोआप वाकडी होई आणि तो ती दुसऱ्या हाताने धरून खाली आणी. न वाजवता उचललेला कप ओठाला लावताना पहिले काही दिवस त्याला अंधाऱ्या जिन्यावरून उतरल्यासारखे वाटे, पायरी आहे की नाही ते पाय टेकल्यावरच कळावे. सबंध जग असेच राहते, त्याला नव्याने समजले. न वाजवता कप उचलते, न वाजवता गाडीत बसते, कुणीतरी ठोका दिला असेल असे धरून चालते. इतकी वर्षे तोच तो कुणीतरी होता. आता तोही बाकीच्यांत येऊन बसला होता आणि तिथे जागा वाईट नव्हती.

अशाच एका दुपारी तो खुर्चीत बसला होता आणि सरकार, पूर्वी कधी जे त्याने केले नव्हते, त्याच्या मांडीवर येऊन झोपले होते. आक्काने चहा आणून त्याच्या हातात दिला. त्याने कप तसाच तोंडाला लावला. पहिला घोट बरा होता. दुसऱ्या घोटाला हाताला ओल लागली. त्याने कप फिरवून पाहिला. काठापासून खाली, केसाएवढी बारीक रेघ गेली होती आणि तिच्यातून चहा पाझरत होता. नळाला कुठेतरी आपटला असणार. एका टिचकीत कळले असते. बद्द बोलला असता तो. गैरहजर.

"काय रे?" आक्काने विचारले.

"काही नाही."

तो उठू शकत नव्हता. मांडीवर सरकार होते. त्याने कप तिरका धरला, रेघ वर येईल असा, आणि पिणे चालू ठेवले. तरी एक थेंब कपाच्या बुडाशी जमला, फुगला आणि तो हात सरकवण्याआधीच सुटला. सरकारच्या कानावर पडला.

कान हलला. कानसेनचा श्वास जिथल्या तिथे थांबला.

कान आणखी एकदा हलला, थेंब झटकून टाकला, आणि पुन्हा मांडीवर आडवा झाला.

"थंड होईल," आक्का म्हणाली.

"पितोय," तो म्हणाला.